सातव्या ग्रीनवरचं दव

ईशान, तन्वी — परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने विचारलं, "आई, क्लबमध्ये अजून ती भुताची गोष्ट सांगतेस का?" आणि तुम्ही दोघं मागे हसलात. हसा. पण त्याच्याकडून अर्धी ऐकण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण ऐका, म्हणून आज लिहायला बसले. भूत हा शब्द त्याचा आहे. मी तो कधीच वापरलेला नाही.

मी आयुष्यभर कॉलेजात बॉटनी शिकवली. अमावास्या, उतारा, नजर... यातलं काही माझ्या घरात चाललं नाही, आजही चालत नाही.

मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांना लागून आमच्या क्लबचा नऊ होलचा छोटा गोल्फ कोर्स आहे. रिटायर झाल्यावर तिथल्या ग्रीन्सची, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताची जबाबदारी मी घेतली. लोकांना तो गालिचा वाटतो. त्याला रोज कापावं लागतं, पाणी मोजून द्यावं लागतं, आणि थंडीत उजाडताच त्यावरचं दव झाडावं लागतं. दव बसून राहिलं की बुरशी धरते, रुपयाएवढे पिवळे डाग पडतात.

दव झाडायचं काम पेठकडच्या तुळसाबाईंचं. लांब, लवचिक बांबू गवतावरून फिरवत जायच्या. पण ग्रीनच्या कडेला ताटलीएवढा गोल ओलाच ठेवायच्या. मी दोनदा त्यांना कामचुकार म्हटलं. तिसऱ्यांदा त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, ती टिटवीची वाटी हाय. सकाळची पानी पिती. तुम्ही लय शिकलेल्या, पन तिला नळ नाय." माळी चेष्टा करतील, कोणाला सांगू नका, असंही म्हणाल्या. मी सांगितलं नाही.

एका पावसाळ्यात तुळसाबाई तापाने गेल्या. थंडी आली. उरले तीन माळी, आणि सातवं ग्रीन सगळ्यात सखल, कालव्याजवळ. ते तिथवर पोचेपर्यंत ऊन चढायचं. डाग पडले. सेक्रेटरी दातार म्हणाले, "मॅडम, सातवं सोडा आता. प्लास्टिकचं गवत टाकू, कटकट नाही." कमिटीनेही माना डोलावल्या. मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. माझे गुडघे असे, की बांबू पेलेल असं मलाच वाटत नव्हतं. तरी मागितली.

दुसऱ्या दिवशी सुकदेव माळ्याबरोबर सातव्यावर गेले. चांगलं उजाडलं होतं. सगळीकडे दव पांढुरकं दिसत होतं, आणि मधोमध ग्रीन गर्द हिरवं, कोरडं. त्यावर बांबू फिरवल्याचे पट्टे. मला वाटलं, सुकदेवनेच लवकर येऊन झाडलं.

"मी नाय, बाई," तो म्हणाला. "आन मी केलं असतं, तर आलो कुठून?"

त्याने भोवतालच्या गवताकडे बोट केलं. आम्ही दोघं चालत आलो तेवढी रेघ सोडली, तर दवात एकही पाऊल नव्हतं. ना येतानाचं, ना जातानाचं.

कडेला ताटलीएवढा गोल ओला होता. "एवढं ऱ्हायलं वाटतं," म्हणत सुकदेव तो पायाने पुसायला निघाला. मी त्याचा दंड धरला.

तेरा दिवस हेच. मी वाऱ्याची दिशा पाहिली, स्प्रिंकलर बंद ठेवले, वॉचमनला खोदून विचारलं. एकदा उजाडायच्या आधीच खुर्ची टाकून समोर बसले. दिसायला लागलं, तेव्हा ग्रीन झाडलेलं होतं. मी झोपले नव्हते. हवं तर इथेही हसा.

दातारांना कळलं. आता त्यांना नारळ फोडून शांती करायची होती. मी भर मीटिंगमध्ये सांगितलं, "ती बाई इथे बारा वर्षं राबली. तेव्हा तिला कोणी चहा विचारला नाही. आता शांती कसली करता?" नारळाचा विषय तिथेच संपला. डाग भरत आले होते, त्यामुळे प्लास्टिकचंही कोणी नाव काढलं नाही.

चौदाव्या सकाळी सातव्यावर दव तसंच होतं. मी शेडमधून तुळसाबाईंचा बांबू आणला आणि दर चार पावलांनी थांबत सगळं ग्रीन झाडलं. वाटी तेवढी ठेवली. तेव्हापासून थंडीत ते काम माझं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्या बाबाकडे असेल, तर त्याने इथे यावं आणि दवात उभं राहून ते मला सांगावं. सातवं ग्रीन अजून गवताचं आहे.