पारखीकाकांची गंगा

माणसं चुकतात, त्यात विशेष काही नाही. पण पारखीकाकांइतक्या थाटात चुकणारा माणूस अख्ख्या कुंभकोणात दुसरा नव्हता. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कुणी एक पूर्वज म्हणे तंजावरच्या दरबारात जडजवाहिराची पारख करीत, तेवढ्या पुण्याईवर काकांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही. हाती येईल ती वस्तू डोळे मिटून अंगठ्याने चोळायची आणि निकाल द्यायचा. "जिन्नस काय म्हणोन मला विचारा," म्हणायचे. विचारलं नाही तरी सांगायचे.

मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनियरकडून वडिलांनी जुनी विलायती मोटरसायकल घेतली होती. वडील अचानक गेले आणि गाडी पडून राहिली. पुढे मला तिरुप्पनंदाळच्या शाळेत नोकरी लागली. गाडी चालली तर रोज घरी येता येणार होतं; नाहीतर मी तिकडे खोली घेऊन राहायचं आणि आईने इथे एकटीने दिवस काढायचे. "गाडी मी उभी करितों," काका म्हणाले. तिथेच मी हात जोडायला हवे होते.

त्यांनी बघता बघता गाडीचा शेवटचा स्क्रूसुद्धा काढला. एकाही भागाचं खरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण सांगताना ते एकदाही अडले नाहीत. जोडून झाल्यावर काही भाग हातात उरले, की ते लांब ठेवून म्हणायचे, "उरलें तें हौसेचें. साहेबलोकांला नसती हौस फार."

त्यातच खंडेनवमी आली. इथे त्या दिवशी हत्यारं-अवजारं देवापुढे मांडून पूजतात. काकांनी गाडीचे सगळे पितळी भाग घरच्या भांड्यांबरोबर चिंचेने लख्ख घासवले आणि देवापुढे एकाच ओळीत मांडले. दसऱ्याला आवराआवर करताना कुठला जिन्नस गाडीचा आणि कुठला घरचा, हे अर्थातच काकांनी ठरवलं. एक चपटी, गोल, चारी बाजूंनी बंद पितळी डबी त्यांच्या हाती आली. तिच्या मधोमध आरपार भोक होतं. हलवली तर आत पाणी डुचमळलं.

"वहिनी, गंगा!" काका ओरडले.

आजोबांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू वडील गेले तेव्हा शोधूनही सापडला नव्हता. त्यांच्या तोंडात गंगा पडली नाही, हे आईच्या मनात सारखं सलत होतं. मी म्हटलं, "काका, गडूला असं भोक कशाला असेल?" ते कीव आल्यासारखे हसले. "घोड्यावरोन आणीत असत ना! खोगिराला बांधायची दोरी त्यांतोन जाते." डबीच्या सांध्याशी जरा ओल दिसत होती, तिथे त्यांनी लाख लावली. आईने डोळे पुसले आणि डबी देवघरात ठेवली. तिचा चेहरा पाहून मीही पुढे बोललो नाही.

गाडी अर्थात चालली नाही. टाकीची तोटी उघडली की पेट्रोल भळाभळा अंगणात यायचं. शेवटी एका मेकॅनिकला आणलं. तो तमिळमध्ये म्हणाला, "फ्लोट कुठे आहे? पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी असते. ती वर आली की पेट्रोल थांबतं." काकांनी त्याला वाटेला लावलं. "नसती हौस," म्हणाले. मी तिरुप्पनंदाळला खोली घेतली. सुट्टीला घरी आलो की आई आणखी वाळलेली दिसायची आणि माझा काकांवरचा राग आणखी वाढायचा. असल्या बडबड्या, रिकामटेकड्या माणसाला लोक घरात येऊ तरी कसे देतात, असं वाटायचं.

काही वर्षांनी काकांनी अंथरूण धरलं. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून आईने त्यांना आमच्याकडेच आणलं. शेवट जवळ आला तेव्हा ती देवघरात गेली. ती गंगा तिने स्वतःसाठी राखली होती. तीच घेऊन आली. मी टोच्याने डबीला भोक पाडलं.

खोलीभर पेट्रोलचा वास सुटला.

आई थिजून उभी राहिली. काकांनी मात्र डोळे उघडले, नाक जरा वर केलं आणि हात पुढे केला. मी डबी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी डोळे मिटून ती अंगठ्याने चोळली.

"फ्लोट," ते म्हणाले. "मी म्हटलेंच होतें, घरांतच असेल म्हणोन."

असं ते कधीही म्हणाले नव्हते. आईने त्यांच्या तोंडात कावेरीचं पाणी घातलं.

दिवसवार उरकल्यावर मी डबी रिकामी करून तिच्या भोकाला आणि सांध्याला कथलाचा डाग लावून घेतला आणि काकांच्या 'हौसेच्या' भागांसकट ती मेकॅनिककडून गाडीत बसवून घेतली. गाडी चालली. पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट घरी आलो, तर आवाज ऐकून आई दारात येऊन उभी होती.

"एक तरी जिन्नस नीट ओळखला त्यांनी," ती म्हणाली.

"वासावरून," मी फणकारलो. आणि मग गाडीवरून न उतरताच, त्या निरुपयोगी माणसासाठी मी रडलो.