पाण्याखालच्या लेव्हलवरचं ध्यान

चाकणच्या एका कंपनीत मी पत्र्याचे पार्ट तपासते. अकरा वर्षं झाली. शेजारीच पत्रा ठोकणारी प्रेस लाइन, तिथं दिवसभर धाडधाड चालू असते. हे काम पोटासाठी. त्याखेरीज मी जे करते ते नातेवाइकांना सांगायची सोय नाही, म्हणून इथं सांगते.

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम मिळायचा, पिवळ्या कॅसेटचा. त्या गेममागे जे संगीत वाजायचं ते मी घेते, सात-आठ पट संथ करते, त्यात घुमारा भरते, पाण्याचा आवाज मिसळते आणि तासाभराचा तुकडा करून टोपणनावानं इंटरनेटवर टाकते. जगात असले उद्योग करणारे पुष्कळ आहेत, मी एकटीच वेडी नाही. त्यावर शांत झोप लागते असं लोक खाली लिहितात. एकानं फिनलंडहून विचारलं, ही नदी हिमालयातली का? ती नदी आमच्या ओट्यावरच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनची आहे. मी त्याला 'होय' कळवून टाकलं. एवढ्या लांबून कोण बघायला येतंय.

गेम खेळायचो तेव्हा आम्ही पिंपळे गुरवला दोन खोल्यांत राहायचो. पप्पा भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये होते. तिसरी शिफ्ट करून सकाळी यायचे आणि झोपायचे. त्यामुळे गेम खेळायचा तर टीव्हीचा आवाज एकवर. मी जवळजवळ टीव्हीला कान लावूनच खेळायचे. तरी त्यांना ऐकू जायचं. आतून आवाज यायचा, "ते टुणटुण बंद कर गं." शेवटी गेमचा अडॅप्टरच ते डब्याच्या पिशवीत घालून कामावर न्यायला लागले. लोक डब्यात भाकरी नेतात, आमचे पप्पा भाकरी आणि अडॅप्टर. त्या संगीताचा एवढा राग असलेला माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरा नसेल.

निवृत्तीनंतर आई-पप्पा मोशीला माझ्या फ्लॅटवर राहायला आले आणि पप्पांच्या कानात शिट्टी वाजायला लागली. म्हणजे वाजत आधीपासूनच असणार, पण कारखान्याच्या गोंगाटात तिचं कोण ऐकतंय? घरात शांतता मिळाली तशी ती पुढं आली. डॉक्टर म्हणाले, ही आता जायची नाही, शांत बसताना हळू आवाजात काहीतरी लावत जा. पप्पांनी घरी ताकीद दिली, हे दाराबाहेर जाता कामा नये. लोक बहिरा म्हणतील.

पंचाईत अशी होती, की रविवारी बुद्ध विहारात वंदनेनंतर वीस मिनिटं ध्यान करायचं ही टूम पप्पांचीच. दारोदार फिरून त्यांनी माणसं गोळा केली होती. आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतःच उठून बाहेर चपलांची रांग नीट करत बसायचे. सगळे डोळे मिटून शांत झाले की यांची शिट्टी वाढायची. चपला इतक्या नेटक्या लागलेल्या असायच्या की विचारू नका. मग कोणीतरी बोललंच, ध्यान यांनी सुरू केलं आणि यांनाच बसवत नाही. पप्पा घरी येऊन आईला म्हणाले, "पुढच्या रविवारपासून मी येत नाही." विहार सोडला तर त्या माणसाकडे टीव्ही आणि शिट्टी, दोनच गोष्टी उरत होत्या.

म्हणून मी थाप मारली. माझ्याकडचा एक तुकडा होता, गेममधल्या पाण्याखालच्या लेव्हलचा, जिथं माशांना चुकवत पोहायचं असतं. तो पप्पांच्या मोबाइलवर टाकला आणि सांगितलं, श्रीलंकेतल्या एका भन्तेंनी केलंय हे.

"कोणत्या विहारातले?"

"डोंगरातले. ते नाव सांगत नाहीत."

पप्पांनी दुपारी गॅलरीत खुर्चीवर बसून ते लावलं. मी स्वयंपाकघरातून डोकावत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, माणूस जागचा हलला नाही. मान एका बाजूला कलली, हात मांडीवर सैल पडले. कित्येक महिन्यांनी पप्पा असे बसलेले पाहिले आणि मला रडू आलं. मग हसूही आलं, कारण ज्यासाठी अडॅप्टर भोसरीला गेला ते हेच टुणटुण होतं.

इथवर ठीक होतं. पण पप्पांना चांगली गोष्ट एकट्यानं खायची सवय नाही. रविवारी त्यांनी ते विहारात स्पीकरवर लावलं. लावण्याआधी उभं राहून भन्तेंची माहिती दिली. माझ्या थापेत डोंगर होता, पप्पांनी त्यात गुहा घातली. सगळे वीस मिनिटं बसले. ध्यान झाल्यावर पुढच्या रांगेतली एक मावशी भारावून म्हणाली, "मला तर खोल पाण्यात असल्यासारखं वाटलं. आजूबाजूनं मासे गेल्यासारखे." मी खाली बघून ओढणीचं टोक चावलं.

पुढं तीन रविवार असेच गेले. पप्पा पहिल्या रांगेत, ताठ. चपला जिथं पडतील तिथं. माझं मात्र अवघड झालं. वंदनेत पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की मला नेमका खोकला यायचा. आई एकदा म्हणाली, "तुला तिथंच कसा गं ठसका लागतो?" आईला सगळं माहीत होतं.

घात माझ्याच हातानं झाला. पप्पांना तेच तेच ऐकून कंटाळा येईल म्हणून मी त्यांच्या मोबाइलवर आणखी काही तुकडे टाकले, आणि घाईत त्यात एक कच्चा गेला. संथ न केलेला, घुमारा नसलेला, गेममध्ये वाजतो तस्साच टुणटुण.

आता हे समजायला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. चाकणच्या लाइनीवर काम कुठं अडलं की कामगार दोरी ओढतो. वरच्या बोर्डावर दिवा लागतो आणि टुणटुण करत एक धून वाजते, दर लाइनीची वेगळी. ती वाजली की तिथल्या सुपरवायझरनं हातातलं टाकून पळायचं. ही सवय रक्तात जाते, डोकं मध्ये येतच नाही.

त्या रविवारी पहिला तुकडा संपला आणि मोबाइलनं आपणहून पुढचा लावला. शांत हॉलमध्ये टुणटुण सुरू झालं. डोळे मिटून बसलेली, चाकणला कामाला असणारी पाच माणसं एकदम उभी राहिली. एकजण छताकडे बघून बोर्ड शोधत होता. एकजण दारापर्यंत पोचलासुद्धा. तिसऱ्यानं डोळे न उघडताच विचारलं, "कुठली लाइन थांबली?" मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळा हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. मावश्यांनी तोंडाला पदर लावले.

पप्पा हसले नाहीत. त्यांनी मोबाइल बंद केला, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भन्ते चाकणला कामाला होते का गं?"

घरी जाऊन मी सगळं कबूल केलं. गेम, टोपणनाव, पाण्याचं मशीन, सगळं. मला वाटलं ते गेमवरून चिडतील. ते म्हणाले, "कुठलं का असेना, चांगलं होतं. पण मी चारचौघांत उभं राहून सांगितलं. माझ्या तोंडून खोटं वदवलंस तू." मग बोलणं बंद. मोबाइलवरचं सगळं पुसून टाकलं. आठवडाभर दुपारी हा माणूस गॅलरीत येरझाऱ्या घालत होता, कानात करंगळी फिरवत. मला दोन घास गोड लागेनात. एवढी चलाख मी, आणि करून करून काय केलं, तर म्हाताऱ्याची झोप घालवली.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर पप्पा उभे राहिले. म्हणाले, "मागे लावलेलं संगीत भन्तेंचं नव्हतं. माझ्या मुलीनं व्हिडिओ गेममधून केलेलं आहे. मी खात्री न करता सांगितलं, चूक माझी. आणि मला ते कशाला लागत होतं तेही सांगतो. माझ्या कानात शिट्टी वाजते. चोवीस तास. त्यानं बसवत नाही मला. चपला लावायला जात होतो तो त्याच्यामुळं."

सगळे खाली सतरंजीकडे बघायला लागले. पप्पांचा चेहरा उतरला. मला वाटलं उठावं आणि त्यांना हात धरून घरी न्यावं.

मग पुढच्या रांगेतले एक काका, तीस वर्षं फोर्जिंगला लोखंड ठोकण्यात काढलेले, म्हणाले, "बारीक का जाड?"

"काय?"

"शिट्टी. माझी जाड आहे. कुकरवाणी."

त्यांच्या मागून कोणीतरी विचारलं, "दोन्ही कानांत का एकाच?" एक मावशी नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हणून टीव्ही एवढा मोठा लावता व्हय?" नवरा म्हणाला, "मला वाटलं मलाच आहे." त्या दिवशी ध्यान झालंच नाही. माणसं मांडी मोडून आपापल्या शिट्टीची वर्णनं करत बसली. फोर्जिंगवाल्या काकांनी मला हाक मारली, "पोरी, जाड शिट्टीला चालेल असं काही हाय का तुझ्या गेमात?"

"भुयाराची लेव्हल आहे, काका. खर्जातली."

"दे ती."

पप्पांना हुरूप आला. कोणाकोणाला आहे, हात वर करा बघू, म्हणाले आणि पुढून मोजत निघाले. मोजत मोजत मागच्या रांगेशी आले. माझा हात वर होता.

माझ्या शिट्टीला तीन वर्षं झाली होती. मी घरात कोणाला बोलले नव्हते. पप्पांनी पुढचं मोजलं नाही.

घरी जाताना गाडीवर ते मागे बसले होते. मोशीच्या चौकात सिग्नलला विचारलं, "कंपनी इअरप्लग देते ना?"

"देते."

"घालतेस?"

"घालते."

सिग्नल सुटायच्या आत मी म्हणाले, "नाही घालत, पप्पा. कोण काय सांगतंय ते ऐकू येत नाही."

"आम्हालाही देत होते," ते म्हणाले. "साहेब आला की घालायचो."

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसला निघाले, तर पप्पा आधीच स्टॉपवर उभे. माझ्या ड्रॉवरमधलं इअरप्लगचं न फोडलेलं पाकीट त्यांच्या हातात होतं. बस आली, सगळे चढले, मला चढू देईनात. ड्रायव्हरनं हॉर्न मारला, पप्पांनी हात करून त्याला थांबवलं.

"बसमध्ये कशाला, पप्पा? लाइनीवर गेल्यावर घालते ना."

"लाइनीवर मला यायला मिळत नाही," पप्पा म्हणाले, आणि पाकीट दातानं फोडून माझ्यापुढे धरलं.