पोळी सर्व्हरवर

आमच्या मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट सांभाळणारा माणूस कारंज्यात एका दुकानाच्या माडीवर बसतो. मी कामांची यादी घेऊन जाते. तो प्रत्येक कलमाला आधी "होते ना मॅडम" म्हणतो आणि मग ते का होत नाही हे समजावतो.

यंदा प्रवेशअर्जात त्यानं खोली भरली की रंग बदलणारा खोल्यांचा नकाशा केला होता. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचा. पण मुदतीला चार दिवस उरले तरी गावांकडून अर्ज येईनात. पालकांच्या फोनवर नुसतं चक्र फिरत होतं. मी हे सांगताच तो एक जुना फोन घेऊन एसटीनं कामरगावला गेला आणि तिथल्या नेटवर्कवर अर्ज उघडून पाहून आला.

"मॅडम, चूक माही हाये. मी इथं वायफायवरच पाहून राह्यलो होतो. सारं काम जावास्क्रिप्टवर टाकलं, ते पालकायच्या फोनलेच करा लागते. म्हणजे पाहुण्याले कणीक वाढली अन् म्हटलं, तुमीच लाटा. आता पोळी आपल्या सर्व्हरवरच भाजून पाठवतो."

"आणि नकाशा?"

"काढला. राग नका मानू, तुमाले लय आवडत होता."

मला तो कधीच आवडला नव्हता.

जावास्क्रिप्ट त्यानं एकाच जागी ठेवली. फोन नंबर अपुरा भरला की खाली लगेच उमटतं, "एक आकडा राह्यला नं." ही ओळ शुद्ध मराठीत करा, असं मी यादीत लिहिलं होतं.

शेवटच्या दिवशी एक आई माझ्यासमोर अर्ज भरत होती. ती ओळ वाचून हसली, "हो बापा, टाकतो," असं फोनलाच म्हणाली, आणि लेकीचा अर्ज गेला. मी यादीतलं ते कलम खोडलं.