जावईबापूंची पहिली कमाई

तो युगांडाचा. पुण्यात इंजिनिअरिंग शिकायला आला, आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या मुलीशी लग्न केलं आणि सगळ्या इमारतीचा जावईबापू झाला. कुणाचा मिक्सर बिघडला, पंखा कुरकुरला की हाक त्यालाच. खिशात टेस्टर घेऊन यायचा, शीळ घालत काम करायचा. पैसे पुढे केले की मात्र हात मागे.

"अहो काका, लग्नामुळे मला इथे राहता येतं, कमावता येत नाही. व्हिसा गेला तर मी तिकडे आणि बायको इथे!"

फुकट म्हटल्यावर सोसायटीने माळ्यावरच्या इस्त्र्यासुद्धा खाली काढल्या.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर त्याने अर्ज केला आणि परवा त्याचं ओसीआय कार्ड आलं. संध्याकाळी तो पेढे घेऊन दारात उभा.

"काका, आता मला रीतसर धंदा करता येतो. काही बिघडलंय का? पैसे घेईन हं, आणि घासाघीस चालणार नाही."

"मिक्सर बिघडलाय," मी म्हणालो. "थांबा, आणतो."

त्याच मिक्सरवर सकाळी चटणी वाटली होती. स्वयंपाकघरात जाऊन मी आधी प्लगमधली वायर सैल केली.