पाय लागला तर

उंच पोरगा दिसला की मी आधी त्याचे पाय बघतो. बाकीचे लोक मान वर करून डोक्याकडे बघतात आणि 'वर हवा कशी आहे' असं विचारून स्वतःच हसतात. तो शिळा विनोद ऐकून ऐकून मला वीट आलाय, कारण जळकोटला हायवेवरच्या एकेका दुकानाच्या पत्र्याला डोकं आपटतच मी मोठा झालो. बास्केटबॉलनं मला नोकरी दिली, दोन्ही गुडघे घेतले, आणि आता व्यावसायिक लीगमधल्या एका संघासाठी उंच पोरं शोधायचं काम दिलंय.

हे काम म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखंच असतं, आणि मला त्याची लाजही वाटते. चालून दाखव म्हणायचं, आई केवढी, मामा केवढा ते विचारायचं. उकिडवा बसून हात न टेकता उठला तर कंबर चांगली. पंजा अंगाच्या मानानं मोठा असेल तर अजून वाढेल. अठरा वर्षांचं पोरगं पुढं काय होणार हे खरं तर कुणालाच कळत नाही. आम्ही मात्र कळल्यासारखं बोलतो, पगार त्याचाच मिळतो. नुसत्या उंचीवर भाळून आणलेली कितीतरी पोरं वर्षभरात बॅग उचलून घरी गेलेली मी पाहिलीत.

माकणी गावचा पोरगा मला धाराशिवच्या ट्रायलला दिसला. दारातून वाकून आत आला आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहिला. सगळ्यांच्या नजरेत येऊन येऊन उंच पोरं तशीच होतात, मीही तसाच होतो. पण त्यानं नुसत्या टाचा उचलल्या तरी बोटं रिंगच्या जाळीत जायची. आणि हुकलेला चेंडू कुठं पडणार हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळायचं. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला.

मग रिंगखालची रेटारेटी सुरू झाली. उंच खेळाडूचं खरं काम तिथंच असतं. पाठ लावायची, जागा अडवायची, समोरच्याला मागं सारायचं. चेंडू घेऊन खाली येताना याचा बूट दुसऱ्या पोराच्या पायावर पडला. यानं चेंडू एका हातात धरला, वाकून त्या पोराच्या बुटाला हात लावला आणि तो हात स्वतःच्या छातीला नेला. एसटीत, पंगतीत कुणाला पाय लागला की आपण करतो, तसंच. तेवढ्यात तिसऱ्यानं चेंडू हिसकावून बास्केट केलं. सगळं मैदान हसलं. थोड्या वेळानं पुन्हा पाय लागला, पुन्हा हा वाकला.

आमच्या मुख्य प्रशिक्षकानं पुण्यात बसून त्याचा व्हिडिओ पाहिला आणि फोनवर म्हणाला, "मऊ आहे. सोडून दे." संघात उंच पोराची एकच जागा उरली होती. माझं डोकं फिरलं. मऊ नाही, ती सवय आहे, आणि सवय मोडता येते, असं मी त्याला चांगलंच सुनावलं. बराच वेळ वाद घातल्यावर तो म्हणाला, "मोडून दाखव. मग करार करू."

पोराला न्यायला मी माकणीला गेलो. त्याचे वडील तिथल्या धरणाच्या कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला आहेत, बेताच्या उंचीचा माणूस. उंची पोरानं मामाची उचललेली. मी त्यांना सरळच सांगितलं, की खेळ आहे, हात आहेत, पण पाय लागल्यावर वाकायचं तेवढं सोडावं लागेल.

ते हसले. "ते म्याच शिकिवलंय, सर. ह्याचं पाय असलं मोठं, ल्हानपणापासून कुनाला ना कुनाला लागायचंच. म्हून जरा जास्तच बसवलं."

"तिथं नुकसान होतं त्याचं."

"व्हय, कळलं की. खेळापुरतं सोडंल."

मीही म्हणालो, खेळापुरतंच.

पुण्याच्या कॅम्पमध्ये प्रशिक्षकानं साधा नियम केला. हा वाकला की सगळ्या संघानं कोर्टाभोवती पळायचं. पोरं पळता पळता त्याला शिव्या घालायची. हा सगळ्यात मागं, खाली मान घालून पळायचा. काही आठवड्यांनी त्याचं वाकणं थांबलं, पण हात खांद्यातून निघायचा आणि कमरेपाशी येऊन परत फिरायचा. मग तेही बंद झालं. पाठ ताठ झाली, कोपरं बाहेर आली. रिंगखाली उभा राहिला की आता समोरची पोरं बाजूला व्हायची. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझी पारख खरी ठरत होती.

तरी प्रशिक्षकाचं समाधान होईना. करार करायच्या आधी त्यानं पोराला चार दिवस घरी पाठवलं आणि मला म्हणाला, "तू जळकोटला चाललाच आहेस तर त्याच्या घरी जाऊन ये. इथं शिक्षेच्या भीतीनं वाकत नाही, का खरंच गेलंय, ते बघ. तू हो म्हणालास तर घेतो, नाहीतर त्याला तिथंच राहू दे." पोरानं कॉलेज अर्धवट सोडलं होतं. माझ्या एका शब्दावर त्याचं सगळं येऊन थांबलं होतं, आणि तो शब्द कशावरून द्यायचा हे मला ठाऊक नव्हतं. रात्रभर गुडघ्यांपेक्षा त्याचाच त्रास झाला.

घरी गेलो तर वडिलांनी दारातच विचारलं, "सर, आडपडदा ठिवू नका. ठिवनार हायत का धाडनार परत?"

"आज सांगतो," एवढंच म्हणालो.

पोरगा खूश होता. ताठ उभा होता, आणि त्या ठेंगण्या घरात त्याचं डोकं पत्र्याला लागेल की काय असं वाटत होतं. आईनं धरणातल्या माशाचं कालवण केलं होतं. आम्ही तिघं भिंतीला टेकून ओळीनं जेवायला बसलो. पोरगा मला पुण्यातल्या एका सामन्याची गंमत सांगत होता. सांगता सांगता पाण्याचा तांब्या आणायला उठला, आणि त्याचा पाय वडिलांच्या गुडघ्याला चांगलाच लागला.

तो थांबला नाही. वाकला नाही. हात कमरेपाशीसुद्धा आला नाही. बोलणं तसंच चालू ठेवून तो तांब्या घेऊन आला आणि बसला.

वडिलांचा घास हातातच राहिला होता. ते त्याच्याकडे बघत होते, वाट बघत होते. चुलीपाशी आईही बघत होती. त्या घरात त्या क्षणी न बघणारा एकटा तोच होता. मग वडील माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"जमलं म्हना की मग," ते म्हणाले.

पोरानं विचारलं, "काय जमलं, आन्ना?"

"काय न्हाय. जेव तू."

मी आलो होतो तेच बघायला, आणि ते मला दिसलं होतं. हात धुऊन बाहेर आलो, फोन लावला. प्रशिक्षकानं विचारलं, "गेलंय का?" मी म्हणालो, "गेलंय. घ्या त्याला." आत येऊन सांगितलं तेव्हा पोरानं आईला उचलूनच घेतलं. वडीलही हसले, मनापासून हसले. एवढा आनंद त्या घरात माझ्यामुळं आला, आणि मला तिथून कधी एकदा निघतो असं झालं होतं.

लोहाऱ्याच्या एसटीपर्यंत वडील मला सोडायला आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "सर, तुमी बी लई वर्सं खेळला. एक इचारू? खेळ संपल्यावर ते परत येतं का?"

"येतं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

गाडीत कशीबशी जागा मिळाली. पाय मावेनात म्हणून मी ते पुढच्या सीटखाली सरकवले, आणि माझा बूट पुढं बसलेल्या म्हाताऱ्याच्या टाचेला लागला. त्यानं पाय थोडा आत ओढून घेतला. मी बसून राहिलो. गाडी धरणाच्या वळणावरून पुढं गेली तेव्हा कुठं मला ते लक्षात आलं. मग मी वाकलो, त्याच्या पायाला हात लावला आणि छातीला नेला. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," म्हातारा म्हणाला. त्याला काही फरक कळला नाही. हात गेला होता खरा, पण तो मला पाठवावा लागला होता.