ओलमावशीचा ढीग

पेंढ्याच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "सुका आहे, घ्या," नाहीतर "ओला आहे, बाजूला काढा." बावीस वर्षं वीजघराच्या फाटकावर एवढंच काम केलं, म्हणून बाईचं नाव ओलमावशी पडलं. पुढे ओल मोजायचं यंत्र आलं. पण यंत्र एक म्हणालं आणि मावशी दुसरं, तर लोक मावशीचंच ऐकत. ती चुकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिला स्वतःला तर जरा जास्तच.

तिची सून त्याच वीजघरात इंजिनिअर. पेंढा जाळून वीज करायची आणि धुराड्यातून निघणारा कार्बन वायू पकडून खोल जमिनीखालच्या खडकात कोंडायचा, हे सुनेचं खातं. "पीक वाढताना हा वायू हवेतून घेतं. आपण तो परत हवेत सोडायचाच नाही," असं तिने भरसभेत समजावलं होतं. "आणि वर आला तर?" कोणीतरी विचारलं. "येणार नाही. माझा शब्द!"

आणि आला की हो! पेंढ्याच्या शेडमागे, वायू वर येतोय का ते मोजायला जमिनीत नळी होती, तिच्यात वायू आठवड्यात दुप्पट झाला. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर खातं कायमचं बंद, असं साहेबांनी बजावलं. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. झडपा तपासल्या, खालचा दाब तपासला, सगळं जिथल्या तिथे. घरी ती नुसता घास चिवडत बसायची.

"अगं, दोन घास तरी खा. उपाशी राहून का तो वायू खाली जाणार आहे?"

"आई, मी लोकांना शब्द दिलाय. आता कुठल्या तोंडाने फिरू?"

मावशीला ते फार लागलं. एरवी सुनेशी वाद घालायला निमित्त शोधणारी बाई. पण दुसऱ्या कोणी सुनेला खोटं म्हणावं? छे! ते नाही खपणार.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "दाखव बरं तुझी ती नळी." सून तिला शेडमागे घेऊन गेली. मावशी नळीकडे बघेचना, शेजारच्या ढिगाकडे बघत राहिली. तिनेच नापास केलेले ओले गठ्ठे होते ते. परत पाठवायचा नियम होता, पण परतीच्या गाडीची वाट कोण बघणार? तिने कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"गरम आहे गं! आतून कुजलाय. कुजताना तुझा तो वायू सुटतो का?"

"सुटतो की! मातीत मुरतो तो, आणि नळीत येतो!" सून ओरडलीच. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! पण इथे ढीग टाकला कोणी?"

मावशीच्या जिभेवर 'ड्रायव्हरांनी' आलं होतं.

"मी. मीच टाकायला सांगितला," ती म्हणाली.

ढीग त्याच दिवशी हलवला, खालची माती खरवडून काढली. सोमवारी सून फाटकाशी धावत आली आणि सगळ्या ड्रायव्हरांदेखत तिच्या गळ्यात पडली. "आई, आकडा उतरला! पहिल्यासारखा झाला!"

"अगं हळू, लोक बघतायत," मावशी म्हणाली, पण तिच्याही जिवात जीव आला होता. डोळे पुसायला पदर सापडेना.

दुपारी सुनेने अहवाल वाचून दाखवला. कारण: नळीजवळ कुजलेला ओला पेंढा.

"कोणी टाकला, ते नाही लिहिलंस?"

"जाऊ दे ना, आई."

"जाऊ कसं दे? माझं नाव लिही. चूक माझी होती, तुझा शब्द खरा होता. कळू दे लोकांना."