आमच्या अंगणवाडीतल्या पराती

अंगणवाडीतले किस्से लिहून ठेवायचे म्हटलं तर आमची सगळी रजिस्टरं अपुरी पडतील! खर्डीजवळच्या वाडीत मी सेविका आणि शेवंताबाई मदतनीस. ट्रेनिंगमध्ये सांगितलं, 'बाळांना वेगवेगळे स्पर्श द्या, सेन्सरी प्ले घ्या.' झालं! तेव्हापासून रोज एक नवा किस्सा.

*

पहिल्याच दिवशी परातीत तांदूळ ओतले आणि आठ महिन्यांच्या स्वराला त्यात बसवलं. तिची आजी कडाडली, "अन्नाला पाय लावता? काय वाटतं का नाय?"

मी ट्रेनिंगमधलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आजीने ऐकून घेतलं. मग स्वराचे चिमुकले हात जोडून तांदळाला नमस्कार करवला आणि म्हणाली, "हां, आता खेल!"

*

स्वराचे आजोबा, म्हणजे तात्या, उंबऱ्याबाहेरच थांबायचे. नात आजीच्या कडेवर आणि तिची पिशवी तात्यांच्या हातात, हे रोजचं. नात झाल्यापासून त्यांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. विचारलं की तळहात पुढे करायचे. "सगला जन्म नांगर नि कोयता. लेकराची कातडी सोलल ना!"

आजी चिडायची, सून विनवायची. तात्या बधायचे नाहीत. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. नातीवरून त्यांची नजर हलायची नाही हो!

*

ट्रेनिंगच्या व्हिडिओत बाळं दाढीच्या फेसात खेळत होती. शेवंताबाई म्हणाली, "आपली पोरं खातील तो!" तिने परातीत नाचणीची कोमट पेज ओतली. बाळं कोपरापर्यंत माखली, एकदम खूश!

तेवढ्यात सुपरवायझर मॅडम आल्या. "खेळाचं साहित्य कुठंय?"

परात चाटूनपुसून लख्ख! शेवंताबाई गंभीरपणे म्हणाली, "पोटात गेलं, मॅडम."

*

मग मॅडमनी सहा स्पर्शांचा फोटो मागितला. गोणपाट, ओला स्पंज, कापूस, गुळगुळीत गोटा, सागाचं खरखरीत पान. पाच झाले. सहाव्यासाठी आम्ही डोकं खाजवतोय, तर शेजारची कोंबडी आत आली आणि थेट परातीत जाऊन बसली! बाळं रांगत तिच्याकडे धावली.

"काढा फोटो," शेवंताबाई म्हणाली, "सहावी आपल्या पायांनी आली!"

*

त्या सगळ्यात स्वराला आवडलं सागाचं पान. कापूस भिरकावून द्यायची आणि पानावर बोटं घासत बसायची. एक दिवस पान फाटलं. तिने रडून अंगणवाडी डोक्यावर घेतली. ऐन उन्हाळा, सागावर एक पान नाही. खालची वाळकी पानं हातात घेतली की चुरा.

शेवंताबाईने दाराकडे पाहिलं. उठली आणि तात्यांना मनगट धरून आत घेऊन आली. "बसा. हात ठेवा परातीत."

"अगो, पन..."

"ठेवा म्हनते ना!"

तात्यांनी गोणपाट आणि स्पंजच्या मधोमध हात उताणा ठेवला. स्वराने हुंदके देत त्यावर बोट घासलं. थांबली. पुन्हा घासलं. मग दोन्ही हातांनी. रडणं कधी बंद झालं, आम्हाला कळलंच नाही. तात्यांनी हात तसूभरही हलवला नाही.

खिचडी वाटून झाली. बाकीची बाळं घरी गेली. आजी म्हणाली, "चला आता, ऊन झालं."

तात्यांनी मान वर केली नाही. "पिशवी आज तू घे गो."